पेन्शन आल्यावर पुढे काय? एका हवालदाराच्या पत्नीला उत्तर

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. यजमान मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार, वय ४२, आठ महिन्यांनी चोवीस वर्षं पूर्ण होऊन पेन्शन येणार, म्हणजे निवृत्त होऊन घरी येणार. कोरेगाव तालुक्यात तीन एकर जमीन, त्यातली दीड एकर बागायत. मुलगी अकरावीला, मुलगा आठवीत, घरी सासूबाई. सगळं मिळून चाळीस लाखांच्या आसपास हातात येतील. दीर म्हणतात, दहा गाईंचा गोठा टाकू. पलटणीतला मित्र म्हणतो, पुण्यात सिक्युरिटी एजन्सी काढतोय, दहा लाख टाक आणि भागीदार हो. तुम्हाला वाटतं, बँकेत लागावं. आणि ते स्वतः म्हणतात, वर्षभर मला कुणी काही विचारू नका. या चौघांत कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंत.

मी २००९ साली सुभेदार म्हणून पेन्शन आलो तेव्हा ४६ वर्षांचा होतो. पुढे बँकेत क्लार्क म्हणून अकरा वर्षं काढली. त्या आधीपासून आजवर आमच्या भागातल्या पेन्शन येणाऱ्या जवानांच्या घरी बसून हेच बोलत आलोय. त्यावरून सांगतो. तुमच्या चौघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण आधी काय आणि मागून काय हे ठरलेलं नाही. ज्याला मुदत आहे ते आधी हातात घ्यायचं. जमीन कुठे जात नाही. गाई पुढच्या वर्षीही बाजारात मिळतील. माजी सैनिक म्हणून सरकारी नोकरीत मिळणारी सवलत मात्र एकदाच वापरता येते, आणि परीक्षेला बसायची उमेद दर वर्षी कमी होत जाते.

म्हणून सुरुवात तुमच्या मनातल्या बँकेपासून करतो.

सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांत क्लार्कच्या १४.५ टक्के आणि शिपाई वर्गाच्या २४.५ टक्के जागा माजी सैनिकांसाठी असतात. अपंग माजी सैनिक आणि युद्धात कामी आलेल्यांचे वारस त्यातच धरलेले आहेत. राज्य सरकारच्या गट क आणि गट ड मध्ये १५ टक्के समांतर आरक्षण आहे. तलाठी, लिपिक, पोलीस शिपाई या सगळ्या भरत्या त्यात येतात. बँकेच्या क्लार्कला, ज्याला हल्ली कस्टमर सर्व्हिस असोसिएट म्हणतात, सर्वसाधारण उमेदवाराला २८ वर्षांची मर्यादा असते. माजी सैनिकाला त्यात त्याची सेवा अधिक तीन वर्षं मिळतात, पण पन्नाशीच्या पुढे नाही. म्हणजे कागदावर तुमच्या यजमानांना आठ वर्षं आहेत. पण ४३ व्या वर्षी लागले तर साठीपर्यंत सतरा वर्षं पगार, ४९ व्या वर्षी लागले तर अकरा. शिवाय एकदा गोठ्यात दहा जनावरं बांधली की अभ्यासाचं पुस्तक उघडलं जात नाही. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की यात मला शंका उरलेली नाही.

पदवी नाही म्हणून घाबरू नका. मॅट्रिक झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा झालेल्या सैनिकाला गट क च्या पदांसाठी पदवीसमान मानतात, त्याचं सर्टिफिकेट रेकॉर्ड ऑफिस देतं. बँकेच्या जाहिरातीत आर्मीच्या शिक्षण प्रमाणपत्राची अट वेगळी लिहिलेली असते, ती जाहिरात समोर ठेवून तपासायची. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीतच नसते: डिस्चार्जची वाट बघायची गरज नाही. ज्यांची सेवा वर्षाच्या आत संपतेय ते नोकरीत असतानाच अर्ज करू शकतात. आठ महिने राहिलेत म्हणजे यजमान आजच पात्र आहेत. येणारी एकही जाहिरात सोडू नका.

आता सवलतीचा सापळा. आरक्षणातून एकदा सरकारी नोकरी पत्करली की पुढच्या नोकरीसाठी तुम्ही माजी सैनिक उरत नाही. घाईत शिपायाची ऑर्डर घेतली आणि चार महिन्यांनी क्लार्कचा निकाल आला, अशी उदाहरणं आहेत. यावर केंद्र सरकारने २०१४ मध्ये वाट काढून दिली. पहिल्या नोकरीवर रुजू होण्यापूर्वी ज्या ज्या जागांसाठी अर्ज केलेत, त्यांची तारखांसकट यादी रुजू होताच त्या ऑफिसला लिहून द्यायची. मग त्या यादीतल्या पुढच्या नोकरीलाही सवलत टिकते. तो कागद दिला नाही तर हक्क गेला. खासगी किंवा कंत्राटी नोकरीने मात्र सवलत संपत नाही, त्यामुळे मधल्या काळात कुठे काम केलं म्हणून काही बिघडत नाही. राज्याच्या भरतीत नियमांचे शब्द वेगळे असतात, तिथे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारूनच पाऊल टाकायचं.

अभ्यासाचं म्हणाल तर पूर्व परीक्षेत एका तासात शंभर प्रश्न असतात. इंग्रजीचे ३०, गणिताचे ३५, बुद्धिमत्तेचे ३५, आणि प्रत्येक भागाला वीस मिनिटं. चुकलेल्या उत्तराला पाव मार्क कापतात. २०२१ पासून ही परीक्षा मराठीतूनही देता येते, इंग्रजीचा भाग सोडून. आपल्या माणसांचं अडतं कुठे, ते सांगतो. गेल्या वर्षी नाईक हुद्द्याचे एक जण माझ्याकडे बसायचे. ४८७.९ चे २४.८ टक्के किती, असा प्रश्न. ते वही काढून दशांश चिन्हासकट पूर्ण गुणाकार करायचे. उत्तर बरोबर यायचं, चार मिनिटं जायची. त्यांना मी एवढंच दाखवलं की समोर पाच पर्याय दिलेत, ४८८ धरा, पाव काढा, १२२ आले, त्याच्या जवळचा पर्याय टिपा. फौजेत प्रत्येक गोष्ट पूर्ण आणि बरोबर करायची सवय लागलेली असते. अंदाज बांधून पुढे जायला मन तयार होत नाही, ते तयार करायला तीन-चार महिने लागतात. दुसरी अडचण कॉम्प्युटरची. घरी पुस्तक सोडवून भागत नाही, पडद्यावर घड्याळ लावून रोज एक पेपर सोडवायचा. तुमची अकरावीची मुलगी हे त्यांना शिकवू शकेल. बापलेकीनं रोज तासभर एकत्र बसावं. मी हे तीन घरांत करायला लावलं, आणि तिन्ही ठिकाणी अभ्यासापलीकडेही त्याचा उपयोग झाला.

माजी सैनिकांची कट-ऑफ बरीच खाली लागते, काही वेळा जागा भरतही नाहीत. दोन वर्षं मनापासून बसले तर आशा धरायला हरकत नाही. लागले तर पगार ठरवताना एक मुद्दा लक्षात ठेवा. पगार श्रेणीच्या तळाच्या टप्प्यावर धरला तर लष्करी पेन्शनवरचा महागाई भत्ता चालू राहतो. शेवटचा लष्करी पगार दाखवून वरचा टप्पा घेतला तर तो भत्ता थांबतो. दोन्हीची बेरीज कागदावर मांडून मगच सही करायची. आणि पेन्शन व पगार दोन्हीकडून मिळतात तेव्हा टॅक्स दोन्हीकडे कमी कापला जातो, मार्चमध्ये एकदम भरायची वेळ येते. ती रक्कम दर महिन्याला बाजूला काढत चला.

आता पैशाकडे येतो. चाळीस लाख हातात येतील असं तुम्ही लिहिलंय. त्यात कम्युटेशन किती, ते आधी बघा. सैनिकाला निम्म्यापर्यंत पेन्शन विकता येते आणि बहुतेक जण तेवढी विकतात. त्याचे एकरकमी पैसे मिळतात, पण पुढची पंधरा वर्षं मूळ पेन्शन अर्धी होते. महागाई भत्ता पूर्ण पेन्शनवर मिळत राहतो, एवढा दिलासा. तुमच्याकडे ही पंधरा वर्षं म्हणजे यजमानांच्या ४२ पासून ५७ पर्यंतची. मुलीचं कॉलेज, मुलाचं कॉलेज, मुलीचं लग्न, सासूबाईंचं आजारपण, सगळं याच काळात येणार. म्हणून कम्युटेशनची रक्कम ही पंधरा वर्षांचा किराणा आणि फीचे आगाऊ घेतलेले पैसे आहेत असं समजा. ते गोठ्यात घातले आणि गोठा बसला, तर पुढच्या पंधरा वर्षांच्या दर महिन्याला ते जाणवत राहतं.

पहिलं वर्षभर हे पैसे हलवू नका. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन, फंड, एजीआय म्हणजे आर्मीच्या गट विम्याचे पैसे, सगळं दोघांच्या नावावर फिक्स डिपॉझिटला ठेवा. पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत दोघांच्या संयुक्त खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात, पाच वर्षांसाठी. ज्येष्ठ नागरिक बचत योजना सैन्यातून निवृत्त झालेल्याला पन्नाशीपासून मिळते, म्हणजे तुम्हाला अजून आठ वर्षं नाही. पैसे जमा झाल्या आठवड्यात विमा विकणारा दारात येईल, कधी कधी तो बँकेच्या काउंटरमागचाच असेल. त्याला चहा द्या, सही देऊ नका. आणि घर. सातारा-कोल्हापूरकडे पेन्शन आलेल्या माणसाने पहिल्या वर्षात स्लॅब टाकला नाही तर गाव विचारतं. वीस लाख विटा-सिमेंटमध्ये जातात आणि मग धंद्याला कर्ज काढावं लागतं. गळकं छप्पर असेल तर दुरुस्त करा, बंगला थांबू द्या.

दिरांच्या गोठ्याबद्दल मी जरा जास्त लिहिणार आहे. गोठा वाईट धंदा नाही. आमच्या पट्ट्यात फौजेतून आलेल्यांनी उत्तम चालवलेले गोठे आहेत. पण बहुतेकांचा हिशेब दुधावर सुरू होतो आणि दुधावरच संपतो. दहा गाई, प्रत्येकी पंधरा लिटर, दीडशे लिटर, गुणिले दर. खरा गोठा असा चालत नाही. गाय विण्याआधी दोन महिने आटवावी लागते. दहांपैकी दोन-तीन कायम भाकड असतात आणि खातात मात्र सगळ्या. एखादी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. एखादीला दगडी हा कासेचा आजार होतो, कासेचा एक सड कायमचा जातो. २०२२ मध्ये लंपी आली तेव्हा बाजारच बंद झाले, विकायचं म्हटलं तरी जनावर हलवता येईना.

आणि दर आपल्या हातात नसतो. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक, धरून ठरतो, त्याखाली गेलं की पॉइंटमागे कपात. २०२३ च्या अखेरीस दर इतके कोसळले की राज्य सरकारला लिटरमागे ५ रुपये अनुदान द्यावं लागलं. रोज शंभर लिटर घालणाऱ्याला दरात दहा रुपयांचा फरक पडला की दिवसाला हजार, महिन्याला तीस हजार रुपये कमी येतात. खर्च तेवढाच राहतो, पेंड स्वस्त होत नाही. ज्याचा चारा घरचा आहे, मुरघास (हवाबंद साठवलेला हिरवा चारा) घरी भरलेला आहे, आणि धार घरातलं माणूस काढतं, तो अशा वर्षात तग धरतो. विकतचा चारा आणि पगारी गडी असलेला बुडतो. तुमच्याकडे दीड एकर बागायत आहे. तिच्यात दहा गाईंचा वर्षभराचा हिरवा चारा निघायचा नाही, मुलाबाळांचं धान्य तर लांबच. चार गाईंचा कदाचित निघेल.

म्हणून माझ्याकडे गोठ्याचं बोलायला येणाऱ्याला मी एकच काम सांगतो: तीन महिने दुसऱ्याच्या गोठ्यावर जा. बिनपगारी जा, पण रोज पहाटे चारला जा. शेण काढा, धार काढा, किटली घेऊन संकलन केंद्रावर रांगेत उभे राहा, हातात येणारी स्लिप वाचा. फॅट ३.८ आलं तर का, दुसऱ्या दिवशी ३.३ का आलं, हे गवळ्याला विचारा. दहा दिवसांचं बिल निघेल तेव्हा पेंडीची उधारी कापून हातात काय उरलं, तो आकडा वहीत लिहा. अशी नऊ बिलं झाली की कुणाला सल्ला विचारावा लागत नाही. आमच्या शेजारच्या गावचे एक नाईक असे तीन महिने गेले. घरी येऊन म्हणाले, सर, मला जनावरांची आवड आहे, पण सकाळ-संध्याकाळ एका जागी बांधून घेणं जमणार नाही, चोवीस वर्षं तेच केलं. त्यांचे आठ-नऊ लाख वाचले. दुसरे एक जण तीन महिन्यांनी दोन गाई घेऊन आले. आज त्यांच्याकडे सात आहेत, सगळ्या घरच्याच कालवडी वाढवलेल्या.

तुमचे दीर आज गोठ्यात किती वेळ देतात, हेही नीट बघा. पैसा भावाचा, मेहनत माझी, असं बोलणं असेल तर पहिल्याच वर्षी हिशेब लेखी ठेवा. भावाभावांत कागद कसा करायचा, असा संकोच करू नका. मी पाहिलेली नाती बिनकागदाच्या व्यवहारातच तुटली.

सिक्युरिटी एजन्सीत भागीदारी घेऊ नका. कारण थोडक्यात सांगतो. एजन्सीला २००५ च्या कायद्याखाली लायसन्स लागतं, ते मित्राने काढलंय का ते विचारा. पण खरी मेख भांडवलात आहे. पन्नास गार्ड लावले आणि प्रत्येकाला अठरा हजार धरले तर महिन्याला नऊ लाख पगार होतो. तो पहिल्या आठवड्यात द्यावा लागतो, वर पीएफ आणि ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा. कंपनी किंवा सोसायटी बिल देणार दीड-दोन महिन्यांनी. म्हणजे अठरा लाख कायम बाहेर अडकलेले, आणि एका मोठ्या ग्राहकाने बिल रोखलं की दहा लाखांचा भागीदार सगळ्यात आधी बुडतो. मित्राला खरंच मदत करायची असेल तर यजमानांनी त्याच्याकडे सुपरवायझर म्हणून सहा महिने पगारावर काम करावं. तो पगार वेळेवर देऊ शकतो का, यावरूनच धंद्याची प्रकृती कळेल. तसं कामच करायचं असेल तर राज्य सरकारचं माजी सैनिक महामंडळ, मेस्को, पुण्यातून गार्ड आणि सुपरवायझर लावतं, तिथे नाव नोंदवावं. गार्डची नोकरी कमी दर्जाची मुळीच नाही. माझं म्हणणं एवढंच की बारा तासांच्या ड्युटीनंतर परीक्षेचा अभ्यास होत नाही, म्हणून ती पहिल्या दोन वर्षांत घेऊ नये.

तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. "शेवटची चार वर्षं ते सीक्यूएमएच होते." ताई, माझ्या मते सगळ्या पत्रात सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार म्हणजे शंभर-सव्वाशे माणसांचं रेशन, कपडालत्ता, तंबू, भांडी, बॅटरी, सगळ्याचा हिशेब. इश्यू व्हाउचर, लेजर, दर ठराविक काळाने अधिकाऱ्यांच्या बोर्डापुढे मोजणी, आणि एक ताडपत्री कमी निघाली तरी उत्तर द्यायचं. हे काम चार वर्षं डाग न लागता केलेला माणूस स्टोअर कीपर म्हणून कुठेही उभा राहू शकतो. शिरवळ-खंडाळ्याच्या कारखान्यांत, साखर कारखान्यांच्या गोदामांत, मोठ्या शाळांच्या वसतिगृहांत, हॉस्पिटलच्या भांडारात असा माणूस हवा असतो. तिथे तो स्वतःहून दार ठोठावत नाही, कारण बायोडेटात तो "हवालदार, जनरल ड्युटी, २४ वर्षे" एवढंच लिहितो. बाहेरच्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. त्यांना लिहायला सांगा: किती माणसांचं सामान, किती प्रकारच्या वस्तू, किती वेळा तपासणी झाली, तूट किती निघाली. अजून वेळ आहे. डिस्चार्जपूर्वी पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात, त्यात गोदाम आणि साठा व्यवस्थापनाचा कोर्स असेल तर युनिटमधून तोच मागून घ्यावा. एक्सेल आणि टॅली शिकून घ्यावी. परीक्षेचा निकाल लागेपर्यंतच्या दोन वर्षांसाठी आठ तासांची अशी नोकरी मिळाली तर मी ती सर्वांत आधी घेईन. परीक्षा निघाली नाही तरी हीच त्यांची दुसरी कारकीर्द होऊ शकते, आणि ती चांगली होईल.

ते वर्षभर काही विचारू नका म्हणतात, त्याचा राग मानू नका. अठराव्या वर्षापासून ज्याचा दिवस दुसऱ्याच्या शिट्टीवर सुरू झाला, त्याला झोप हवी असते. पण वर्ष फार होतं. तीन महिने द्या, आणि त्या तीन महिन्यांतही पहाटे धावणं सुटू देऊ नका. दुपारी दोन ते सहाची वेळ फार अवघड. गावात प्रत्येक जण मेजर म्हणून हाक मारतो, पारावर बसवतो, निवडणूक आली की पॅनेलमध्ये ओढतो, आणि घरी कॅन्टीनच्या कोट्याची बाटली असते. मी चांगल्या चांगल्या माणसांचं पहिलं वर्ष या चार तासांत वाया गेलेलं पाहिलंय. त्या वेळात त्यांना कुठेतरी जायचं ठिकाण हवं: मुलाची तालीम, बागायतीतलं पाणी, अभ्यासिका, काहीही.

आणि तुमच्याबद्दल. इतकी वर्षं घर, शेत, शाळा, दवाखाना तुम्ही एकटीनं चालवलं असेल. सुट्टीवर येणारा माणूस पाहुणा असतो, पेन्शन आलेला माणूस घरात राहायला येतो. पहिल्या महिन्यात तो डब्यांची जागा बदलायला लागतो आणि मुलांना वेळापत्रक देतो. त्यात वाईट हेतू नसतो. पण कोणता व्यवहार कोण बघणार, हे दोघांनी बसून ठरवा. बँकेचं आणि गुंतवणुकीचं तुम्हीच बघत असाल तर तेच चालू ठेवा.

हे मी ठासून सांगतो, कारण माझ्या घरी ते झालं नव्हतं. पेन्शन आल्यावर दोन महिन्यांत मी ओळखीच्या एकाबरोबर प्रवासी गाड्यांच्या धंद्यात साडेपाच लाख घातले. बायकोला विचारलं नाही, कारण पलटणीत घेतलेले निर्णय मी तिला कधीच विचारून घेतले नव्हते. गाड्या त्याच्या नावावर, हप्ते माझ्या खात्यातून. वर्षाअखेर दोन गाड्या उभ्या राहिल्या आणि बँकेची नोटीस आली, ती पोस्टमनने तिच्या हातात दिली. त्या दिवशी ती काही बोलली नाही. रात्री तिने वीस वर्षांची वही काढून माझ्यापुढे ठेवली. मी पाठवलेल्या प्रत्येक पगाराचा, खताच्या प्रत्येक गोणीचा हिशेब त्यात होता. ती वही मी आधी पाहिली असती तर पाच रुपयेही त्या माणसाला दिले नसते. तो धंदा आवरण्यात अडीच वर्षं गेली. २०११ मध्ये बँकांची पहिली सामायिक क्लार्क परीक्षा झाली. निकाल लागून रुजू झालो तेव्हा वयाची एकोणपन्नास पूर्ण होती, पन्नासची मर्यादा दारात आलेली. त्या अडीच वर्षांचा पगार आणि त्यावरचा फंड पुन्हा मिळाला नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण ती फक्त युनिटमध्ये असतानाच सहज दुरुस्त होतात. तुमचं नाव, मुलांची नावं आणि जन्मतारखा पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे युनिटमधल्या कुटुंबाच्या अधिकृत नोंदीत, आणि आधारवर अक्षर न् अक्षर जुळतात का, ते तपासायला सांगा. एका अक्षराच्या फरकावरून पुढे विधवेची पेन्शन अडते, मुलांची नोंद अडते. पेन्शन स्पर्श या संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर सुरू होते, त्याचा लॉगिन दोघांनाही यायला हवा. ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं कार्ड डिस्चार्जच्या वेळीच करून घ्या. घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंद करा, ओळखपत्र घ्या. मुलीला बारावीत ६० टक्के किंवा जास्त मिळाले आणि व्यावसायिक पदवीला प्रवेश झाला, तर पंतप्रधान शिष्यवृत्ती योजनेत मुलींना महिन्याला ३,००० रुपये आहेत. तिला आजच सांगून ठेवा.

ते आता सुट्टीवर येतील तेव्हा पहिले आठ दिवस काही काढू नका. नवव्या दिवशी पहाटे चारला दोघंही शेजारच्या एखाद्या चांगल्या गोठ्यावर जा. तिथून परत आल्यावर चहा घेताना तुमची घरखर्चाची वही त्यांच्यापुढे ठेवा आणि महिन्याला नेमके किती लागतात, तो आकडा दोघांनी मिळून काढा. तो आकडा मला कळवा, पुढचं त्यावरून बोलू.